सिगारेट संपते, हे संपत नाही

नाशिकच्या एका आईने विचारलं आहे: "माझा मुलगा २० वर्षांचा, गंगापूर रोडच्या बाजूला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात त्याची सॅक धुवायला काढली, तर आतल्या खणात हायलायटरसारखी जाड निळी कांडी सापडली. वास आंब्याच्या गोळीचा. विचारलं तर म्हणाला, 'आई, ही सिगारेट नाही, नुसती वाफ असते. इंग्लंडमध्ये डॉक्टर स्वतः देतात.' आमच्या घरात कुणी सुपारीलाही हात लावत नाही. हे खरंच निरुपद्रवी आहे का? कॉलेजात किंवा पोलिसांत कळवू का? त्याच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही."

ताई, ती कांडी म्हणजे ई-सिगारेट. मुलं तिला 'वेप' किंवा 'पॉड' म्हणतात. आधी तातडीचं. ती कांडी परत सॅकमध्ये ठेवलीत की रागाच्या भरात फेकलीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. फेकली नसेल तर घंटागाडीत टाकू नका. आत लिथियमची बॅटरी असते, कचऱ्यात दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. उघडून आत काय आहे ते बघायलाही जाऊ नका. आतला द्रव हाताला लागला तर त्यातलं निकोटीन कातडीतून शिरतं, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या तोंडात गेलेले थोडेसे थेंबही महागात पडतात. एका डबीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, आणि ठेवलीय हे मुलाला सांगा. ती पुढे लागणार आहे.

आता त्याचं म्हणणं. तो तुमच्याशी खोटं बोललेला नाही. अर्धं खरं बोललाय, आणि ते अर्धं त्याला मनापासून पटलेलं आहे. माझ्या ओपीडीत गेली काही वर्षं कॉलेजची जी मुलं-मुली येतात, त्यांतली निम्मी हेच वाक्य घेऊन येतात. तुम्ही 'खोटारडा' म्हणून सुरुवात केलीत तर तो मोबाइल काढून तुम्हाला इंग्रजीतली चार पानं दाखवेल आणि बोलणं तिथेच संपेल. म्हणून ती पानं मीच आधी सांगते.

इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये म्हटलं होतं की ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा साधारण ९५ टक्के कमी घातक असावी. आकडा अंदाजाचा होता, त्यावर टीकाही खूप झाली, पण आकडा एकदा सुटला की सुटला. मग २०१९ मध्ये तिथल्याच एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांपैकी ज्यांना ई-सिगारेट दिली त्यांतल्या १८ टक्क्यांची सिगारेट वर्षभराने सुटलेली होती, आणि ज्यांना निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्या दिल्या त्यांतल्या ९.९ टक्क्यांची. फायदा आहे, नाकारून चालणार नाही. मात्र त्याच चाचणीतली पुढची ओळ मुलांच्या मोबाइलवर कधी येत नाही: ई-सिगारेटने ज्यांची सिगारेट सुटली, त्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. आणि एकदा वापरून फेकायच्या ज्या कांड्या, म्हणजे तुमच्या हाती लागली तसलीच, त्यांच्या विक्रीवर खुद्द ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदी घातली.

आपल्याकडे 'आगीतून फुफाट्यात' म्हणतात ते वाईट अर्थाने. पण जो खरोखर आगीत उभा आहे, रोज पाकीटभर सिगारेट ओढतोय, त्याला फुफाटा परवडला. इंग्लंडचे डॉक्टर बोलतात ते त्याच्याबद्दल. तुमचा मुलगा अंगणात उभा होता. त्याने सिगारेट कधी ओढलीच नसेल, आणि घरचं वातावरण बघता तसंच असावं, तर त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी नाही, काहीच न ओढण्याशी आहे. महाराष्ट्रात तर हे आणखीच लागू पडतं. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा कारभार चुन्याच्या डबीचा आणि मिसरीचा. त्यामुळे नाशिकच्या पोराने 'मी सिगारेटऐवजी हे घेतो' म्हटलं की मी विचारते, कुठली सिगारेट रे बाबा?

तुमच्यासारख्या घरांत हे उशिरा कळतं त्याचंही मूळ इथेच आहे. व्यसन म्हणजे काय, याचं आपल्या डोक्यातलं चित्र सिन्नरकडच्या आजोबांच्या विडीचं असतं. धोतराला भोकं, रात्रभर खोकला, अंगाला वास. किंवा सकाळी ओट्यावर बसून मिसरी लावणारी आत्या. या कांडीला आंब्याचा, पुदिन्याचा, कलिंगडाचा वास येतो. मूल बाथरूममधून बाहेर आलं तर आईला वाटतं नवीन बॉडी स्प्रे आणलाय. गेल्या काही वर्षांत नाशिकमध्ये एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या, बातम्या गाजल्यापासून तर पालक पुड्या आणि सुया शोधतात. चार्जिंगला लावलेल्या वस्तूकडे कोण बघतो?

आणि पालकांनाच कशाला, मलाही बघता आलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी एक मुलगा तीनदा आला माझ्याकडे. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, छातीत किंचित शिट्टी. एक्स-रे साफ. मी विचारलं, सिगारेट? नाही. तंबाखू, गुटखा? नाही. हुक्का? एकदाच, लग्नात. खरंच बोलत होता तो. मी त्याला ॲलर्जीचा दमा समजून पंप दिला, घरातली धूळ झाडा म्हणून सांगितलं, त्याच्या आईने बिचारीने गाद्या उन्हात टाकल्या. चौथ्या वेळी तपासणीच्या टेबलावर आडवा झाला तेव्हा त्याच्या ट्रॅकपॅन्टच्या खिशातून ती वस्तू घरंगळली आणि फरशीवर पडल्या पडल्या टोकाला छोटा हिरवा दिवा लागला. आम्ही दोघंही त्या दिव्याकडे बघत राहिलो. तीन वेळा प्रश्नच चुकीचा विचारला होता मी. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर 'धूम्रपान' या ओळीखाली मी पेनाने 'वेप/पॉड' लिहून विचारते.

तर 'नुसती वाफ'. वाफ म्हणजे इडलीपात्राची. पाणी तापलं, वर गेलं. या कांडीत पाणी उकळत नसतं. आत कापसासारख्या वातीत मुरलेला एक गोडसर द्रव असतो, वातीभोवती तारेची गुंडाळी, खाली बॅटरी. ओढलं की तार तापते आणि द्रवाचे अतिबारीक थेंब होतात. तेच तो 'धूर' म्हणून सोडतो. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वासाची रसायनं. मुलं म्हणतात ग्लिसरीन तर खोकल्याच्या औषधातही असतं. असतं की, पण ते पोटात जातं. पोटाला यकृत आहे, आम्ल आहे, नको ते उलटून टाकायची सोय आहे. फुफ्फुसाला यातलं काही नाही. डायअसिटाइल नावाचं एक रसायन आहे, खाद्यपदार्थांना लोण्याचा वास देतं, खाण्यात चालतं. पण अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याची वाफ श्वासात घेणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या. २००० च्या सुमाराला ते उघडकीला आलं. वेपमुळे हा आजार सर्रास होतो असं मी म्हणणार नाही, तसं दिसलेलं नाही. पण काही वासांच्या द्रवांत हेच रसायन सापडलेलं आहे, म्हणून 'खाण्यात चालतं' हे उत्तर पुरत नाही. शिवाय द्रव फार तापला की त्यातून फॉर्माल्डिहाइड निघतं आणि तारेतून निकेल, क्रोमियमसारखे धातू झिजून येतात. सिगारेटच्या धुरापेक्षा यांचं प्रमाण कमी असतं, बहुधा बरंच कमी. डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. तेही मी मुलांना सांगते, कारण त्यांना ते आधीच ठाऊक असतं आणि आपण लपवलं तर पुढचं ऐकत नाहीत. काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचे फोटो मी त्यांना दाखवत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांना अचानक फुफ्फुसाचा गंभीर आजार झाला, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात भरती किंवा मृत, मृत्यू ६८. व्हॉट्सॲपवर तो आकडा अजून फिरतो. त्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काचा वेप ओढला होता आणि मुख्य संशयित त्यात भेसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट होतं. मग साध्या निकोटीनवाल्याचं काय बिघडलं? बिघडलं हे की नाशिकमध्ये हातोहात मिळणाऱ्या कांडीत काय भेसळ आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. देशात बंदी आहे म्हणजे तपासणारंही कुणी नाही. वेष्टनावर 'निकोटीन शून्य' छापलेल्या मालातही निकोटीन निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत. वर छापलेलं काहीही खरं धरायचं कारण नाही, ब्रँडचं नावसुद्धा.

पण माझी खरी काळजी फुफ्फुसाची नाही, निदान या वयात नाही. काळजी हिशेबाची आहे.

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका मुलाचं सांगते. तोही इंजिनिअरिंगचाच, होस्टेलवर राहणारा. म्हणाला, "मॅडम, मी हलकंच घेतो, कधीतरी." मी म्हटलं, कांडी काढ. टेबलावर ठेवली. तिच्यावर बारीक अक्षरात दोन आकडे होते: ५ टक्के आणि १० मिलि. मी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन. दहा मिलिलिटरमध्ये ५००. सगळं अंगात जात नाही, बरंच बाहेर सुटतं, म्हणून निम्मं धरू: २५०. एका सिगारेटमधून माणसाच्या अंगात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम जातं. भागाकार कर, म्हटलं. दोनशे सिगारेटी. ही कांडी किती दिवस पुरते तुला? जरा थांबून म्हणाला, आठ दिवस. म्हणजे रोजच्या पंचवीस.

त्याने कागद स्वतःकडे ओढला, माझं पेन मागितलं आणि पुन्हा मांडलं. मग म्हणाला, "टक्के वजनाचे असतील तर आकडा अजून वाढतो, मॅडम." इंजिनिअर शेवटी. पण त्या क्षणापासून तो माझ्याशी बोलायला लागला. तोवर पंचवीस हा आकडा त्याने स्वतःबद्दल कधी ऐकलाच नव्हता. त्याचे वडील दिवसाला आठ ओढायचे आणि तो त्यांना घरी जाऊन ओरडायचा.

हिशेब अगदी काटेकोर नाही, मलाही माहीत आहे. निम्मं धरलं ते अंदाजाने, आणि वेष्टनावरच्या आकड्यांचा भरवसा नाही हे मीच वर लिहिलंय. पण सिगारेट संपते, हे त्या कागदावर दिसतं. टपरीवर चहाबरोबर एक पेटवली, पाच-सात मिनिटांत बोटाला चटका बसला, थोटूक पायाखाली. पुन्हा हवी तर पुन्हा पैसे, पुन्हा काडी, पुन्हा बाहेर जाणं. ओढणारा काही न करता मोजत असतो. वेपला थोटूकच नाही. लेक्चरला मागच्या बाकावर बाहीत धरून एक झुरका, बसमध्ये एक, संडासात दोन, रिल बघता बघता सहा. मोजणारं काही नाही आणि थांबवणारंही काही नाही. रात्री उशीखाली ठेवून झोपणारी मुलं मला भेटली आहेत. तीन वाजता कूस बदलताना एक झुरका घेतात आणि सकाळी त्यांना आठवतही नाही.

घसाही थांबवत नाही. पूर्वीच्या ई-सिगारेटमध्ये निकोटीन जास्त घातलं तर घशाला काचायचं, ठसका लागायचा. हा ठसका म्हणजे दारावरचा वॉचमन होता. मग निकोटीनमध्ये बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळून त्याचा क्षार करायची युक्ती निघाली. अमेरिकेत २०१५ मध्ये बाजारात आलेल्या जूल या ब्रँडच्या ई-सिगारेटने ती शाळा-कॉलेजांत पोचवली. आता तेवढंच, किंबहुना जास्त निकोटीन मऊसूत आत जातं. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे चोरून येणाऱ्या कांड्यांवर ५० सर्रास दिसतं. 'इंग्लंडमध्ये चालतं' म्हणणाऱ्या पोराला हे जरूर ऐकवा: तिथे कायद्याने विकता येतं त्याच्या अडीचपट कडक माल तो ओढतोय.

वीस वर्षांच्या मेंदूची जडणघडण अजून चालू असते, पंचविशीपर्यंत. लक्ष देणं, आवर घालणं या गोष्टी ज्या भागात पक्क्या होतात तो सर्वांत शेवटी तयार होतो. त्या काळात दर वीस मिनिटांनी निकोटीन पोचवलं की मेंदू त्यालाच 'नॉर्मल' धरतो. मग मुलं म्हणतात, "वेपने अभ्यासात लक्ष लागतं." लागतं, कारण वेप नसलं की लागत नाही. कर्ज काढून व्याज भरल्यावर हलकं वाटतं, तसलं ते.

आता कॉलेज आणि पोलीस. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा ठेवण्यासाठी वेगळी शिक्षा, सहा महिने किंवा ५० हजारांपर्यंत. ओढणाऱ्यासाठी यात वेगळं कलम नाही, हे मुलांना बरोबर पाठ असतं. पण त्या वकिलीवर विसंबू नये. आणि एक गोष्ट त्यांना बिलकूल माहीत नसते, तीच तुम्ही शांतपणे विचारा: तू एकट्यासाठी आणतोस, की चौघांसाठी मिळून मागवतोस? होस्टेलमध्ये हे असंच चालतं. एकाचा मुंबईत ओळखीचा असतो, तो सात-आठ नग आणतो, वरचे दोनशे-दोनशे स्वतःला ठेवतो म्हणजे त्याची फुकट सुटते. त्याच्या मते ही दोस्ती. कायद्याच्या भाषेत वाहतूक, विक्री आणि वाटप. तुमचा मुलगा तो 'आणणारा' असेल तर ते आजच्या आज बंद व्हायला हवं, ओढणं बंद व्हायच्या आधी.

त्याच्यासाठी म्हणून पोलिसांत जाऊ नका. कॉलेजच्या गेटबाहेरच्या दुकानात विक्री होताना दिसली तर जरूर जा, ती वेगळी गोष्ट. कॉलेजात कळवण्याबद्दल माझा अनुभव वाईट आहे. एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मुलांनी चांगले प्रश्न विचारले, कार्यक्रमानंतर चार जण हळूच येऊन भेटले, येतो म्हणाले. पुढच्याच आठवड्यात तिथे बॅगा तपासल्या, सापडलेल्यांना पंधरा दिवस बाहेर बसवलं, पालकांना बोलावून सगळ्यांसमोर कांड्या टेबलावर मांडल्या. त्या चौघांपैकी एकही आला नाही. वेप मात्र होस्टेलच्या पाण्याच्या टाकीमागे गेलं, असं मला नंतर तिथल्याच एका मुलीने सांगितलं.

मग बोलायचं कसं? दोघंच असताना, शक्यतो चालताना किंवा गाडीवर, समोरासमोर बसून नको. चार प्रश्न पुरे आहेत. सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळात? रात्री जाग येते का त्यासाठी? एक कांडी किती दिवस जाते? एखादा दिवस मिळालं नाही तर काय होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. डोळे उघडल्यावर पाच मिनिटांत हात जात असेल तर शरीराला निकोटीनची पक्की सवय लागली आहे, तिथे नुसत्या इच्छाशक्तीच्या गप्पा मारू नयेत. दुपारी मित्रांबरोबर घेत असेल आणि घरी सुट्टीत आठ दिवस आठवणही येत नसेल, तर बरंचसं काम सोपं आहे. कदाचित माझ्याकडे यायचीही गरज नाही.

शपथ घालू नका, एवढं माझं ऐका. आई वणीला नेते, सप्तशृंगीसमोर हात जोडायला लावते, मुलगा रडून कबूल करतो, आणि मनापासून करतो. गडावरून खाली उतरेपर्यंत चार तास झालेले असतात. निकोटीन रक्तात दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे गाडी दिंडोरीला पोचेपर्यंत त्याला घाम, चिडचिड, डोकं जड. मग संध्याकाळी तो ओढतो आणि त्याच्या डोक्यावर आता व्यसनासोबत आईची मोडलेली शपथही बसते. पुढच्या वेळी तो तुम्हाला काहीच सांगत नाही. श्रद्धेला माझा विरोध नाही, पण या कामाला ती उशिरा लावावी. सुटल्यावर जा नवस फेडायला.

सोडवायची रीत. सोडल्यावरचे दुसरा-तिसरा दिवस सर्वांत अवघड: चिडचिड, झोपमोड, भूक, कशात लक्ष न लागणं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. म्हणून तारीख निवडताना सबमिशन, ओरल, केटीचा पेपर यांच्या तोंडावरची निवडू नये. सेमिस्टर संपल्यानंतरचा पहिला सोमवार मला आवडतो.

तारखेच्या आधी दोन आठवडे मी वेपला 'थोटूक' देते. म्हणजे असं: कांडी खिशात ठेवायची नाही. घरी असेल तर स्वयंपाकघराच्या फळीवर, होस्टेलवर असेल तर कुलपाच्या कपाटात. हवी तर उठून जायचं, उभं राहून दहा झुरके मोजायचे, परत ठेवायची, मोबाइलवर एक रेघ. बिछान्यात नाही, संडासात नाही, वर्गात नाही. बाकी कितीही घे. मुलांना वाटतं डॉक्टर फारच सोपं सांगतेय. चौथ्या दिवशी रेघा दाखवायला येतात तेव्हा चेहरा उतरलेला असतो, कारण मोजल्यावर दिवसाला तीस-पस्तीस रेघा निघतात. पण आठवडाभरात बऱ्याच जणांच्या त्या आपोआप पंधरा-वीसवर येतात, उठून जाण्याच्या कंटाळ्यानेच. आळस हा या वयातला फार मोठा मित्र आहे, तो वाया घालवू नये.

त्यानंतर ज्याला शरीराची सवय लागली आहे त्याला निकोटीनची च्युइंग गम किंवा पट्टी. दोन मिलिग्रॅमची गम मेडिकलमध्ये मिळते, पण किती आणि किती आठवडे ते विचारून ठरवा. निकोटीन सोडायला निकोटीन, हे बऱ्याच आयांना पटत नाही. गमचं निकोटीन सावकाश चढतं, झुरक्यासारखं काही सेकंदांत डोक्यात जात नाही, म्हणून तिची चटक सहसा लागत नाही. खायची पद्धत मात्र नव्वद टक्के लोक चुकवतात. साध्या च्युइंग गमसारखी चावत सुटलं की उचक्या लागतात, पोटात मळमळतं आणि 'मला सोसत नाही' म्हणून सोडून देतात. सावकाश चावायची, जिभेला झिणझिण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झिणझिण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. अर्धा तास. आणि चहा-कॉफी-कोल्ड्रिंकनंतर निदान पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर तोंडातल्या आंबटपणामुळे निकोटीन शोषलंच जात नाही. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर चहाचा घोट, गम, चहाचा घोट, असं चाललेलं मी पाहिलंय. त्या गमचा काही उपयोग नव्हता. गोळ्यांची औषधंही आहेत, ती प्रिस्क्रिप्शनवर आणि तपासूनच.

एक सापळा. वेप सोडताना मित्र म्हणतात, त्यापेक्षा एखादी सिगारेट मार. वेप सोडून सिगारेटवर आलेली मुलं मला दरवर्षी दोन-चार भेटतात. तिथे मी तुमच्या मुलाचं इंग्लंडवालं म्हणणं त्यांनाच परत देते: सिगारेट वेपहून घातक.

फोनवरून सल्ला हवा असेल तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय टोल-फ्री लाइन आहे, १८००-११-२३५६. सोडल्यावर फार उदास वाटायला लागलं, झोप उडाली, तर टेली-मानस, १४४१६. खोकला, धाप किंवा छातीत दुखणं असेल तर मात्र फोन नको, छाती तपासून घ्या, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी वेपचं स्वतःहून सांगायला सांगा.

राहिले वडील. ते त्यालाच ठरवू द्या, पण 'सांगीन कधीतरी' नको, दिवस ठरवून घ्या. आणि माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे पाठवाल तेव्हा तुम्ही बाहेर बसा. वीस वर्षांचा आहे, तो आत काय बोलला ते मी तुम्हाला सांगणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. फळीवरची डबी तेवढी त्याच्याबरोबर द्या. आकडे त्या कांडीवर आहेत.